मरीनात उभ्या बोटीवर संसार: नाशिकहून निघण्याआधी आणि पोचल्यावर

निवृत्तीनंतर शिडाच्या बोटीवर राहायचं म्हटलं की डोळ्यांसमोर वाऱ्याने फुगलेलं शीड येतं. प्रत्यक्षात मरीनात, म्हणजे बोटी धक्क्याला बांधून ठेवायच्या छोट्या बंदरात, राहणाऱ्या जोडप्याच्या दिवसात शिडाला जेमतेम जागा असते. रोजचा वेळ जातो पाणी, बॅटरी, संडास आणि दोर यांत. ही कामं सकाळी पाऊण तासात उरकायची सवय लागली तर उरलेला दिवस तुमचा. नाही लागली तर तीच कामं रात्री दोन वाजता उठवतात.

नाशिककराला जवळचा समुद्र मुंबईचा. पण तिथे शिडाच्या बोटी बहुतेक भर पाण्यात बोयाला, म्हणजे तळाशी नांगरलेल्या तरंगत्या गोळ्याला, बांधलेल्या असतात, म्हणजे कोथिंबीर आणायलाही आधी छोट्या होडीत उतरावं लागतं. शिवाय उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. साठीच्या गुडघ्यांना कोची सोयीचं. बोलगाट्टी बेटावर केरळ पर्यटन विकास महामंडळाचं मरीना आहे, पाण्याची चढ-उतार मीटरभराच्या आतबाहेर, आणि मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस नाशिकरोडला थांबून थेट एर्नाकुलमला, म्हणजे कोचीतच, नेते. बोट ठरवण्याआधी मरीनाला एकच प्रश्न विचारा: रात्री बोटीवर झोपू देता का, आणि सलग किती महिने? उत्तर लेखी घ्या. बोट उभी करायची परवानगी वेगळी आणि तिच्यावर राहायची वेगळी.

मुक्कामाचा काळ डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत धरावा. केरळात मोसमी पाऊस १ जूनच्या आसपास येतो. अरबी समुद्रातली वादळं पावसाळ्याच्या आधी आणि नंतर येतात. ओखी २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस केरळच्या किनाऱ्याजवळून गेलं, तौक्ते २०२१ च्या मे महिन्यात. म्हणून दिवाळी घरी करून, घाई न करता निघावं. पेन्शनरांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखलाही तोवर होऊन जातो. राहिलाच तर फोनवर चेहरा दाखवून डिजिटल जीवन प्रमाणपत्र काढता येतं, बँकेत रांग लावायला परत यायची गरज नाही.

दोघांना ३० ते ३४ फुटांची बोट पुरते. त्याहून मोठी घेतली की प्रत्येक दोर जाड, प्रत्येक झडप जड, आणि रंगकामाचा खर्च फुटाफुटाने वाढतो.

आधी घरातच पंधरा दिवस

बोट घेण्याआधी नाशिकच्या फ्लॅटमध्येच तालीम करा. एका दहा बाय दहाच्या खोलीत दोघांनी राहायचं. कपडे, औषधं, भांडी, पुस्तकं सगळं त्याच खोलीत, आणि एकाही कपाटाला हात लावायचा नाही. वाचायला सोपं वाटतं. चौथ्या दिवशी, एकाला झोपायचं असतं आणि दुसऱ्याला बातम्या ऐकायच्या असतात तेव्हा, खरी परीक्षा होते.

पाण्यासाठी २०० लिटरचा ड्रम भरून ठेवा. तोंड धुणं, स्वयंपाक, पिणं, भांडी सगळं त्यातूनच. अंघोळ मरीनाच्या न्हाणीघरात होते, म्हणून ती हिशेबाबाहेर. ड्रम पाच दिवस पुरला पाहिजे, म्हणजे दोघांत रोज ४० लिटर. पिण्या-स्वयंपाकाला १०, भांड्यांना १२, हात-तोंड आणि किरकोळ १०, संडासाला ८. भांडी पहिल्यांदा कागदाने किंवा पोळीच्या तुकड्याने पुसून घेतली तर १२ चे ८ होतात. नळ सोडून भांडी घासायची सवय असेल तर ड्रम तिसऱ्या दिवशी वाजायला लागतो.

विजेचा अंदाज घरच्या इन्व्हर्टरवरून येतो. बोटीवर सगळा कारभार १२ व्होल्टचा. छोट्या फ्रीजला दिवसाला साधारण ४५ अँपिअर-तास, दोन छोटे पंखे दहा तास चालले तर १४, दिवे ६, फोन ५, पाण्याचा पंप २. बेरीज ७२. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे २०० अँपिअर-तासांची बॅटरी असली तरी हातात १०० च. धक्क्यावरची वीज गेली तर सव्वा दिवस निघतो, त्याहून जास्त नाही. १०० वॉटचं सोलर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला २५ ते ३० परत देतं. अशी दोन पॅनल बसवली की निम्म्याहून अधिक भार हलका होतो. लिथियम फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, पण तिला चार्जरही तिच्याच जातीचा लागतो. जुन्या चार्जरला जोडून पैसे वाचवायला जाऊ नका.

तालमीच्या काळात दोर घेऊन बाल्कनीच्या गजावर गाठी मारत बसा. दोनच पुरतात: दोराच्या टोकाला न सरकणारा फास आणि खुंटीवरचा वेढा. डोळे मिटून, दोघांनाही आल्या पाहिजेत.

दोर

मरीनात बोट बुडते किंवा आपटते ती बहुतेक वेळा दोराच्या घासण्यामुळे किंवा तळात हळूहळू साठलेल्या पाण्यामुळे. दोर नायलॉनचे घ्या, कारण नायलॉन ताणतं आणि झटका पोटात घेतं. पॉलिप्रोपिलीनचे रंगीत दोर स्वस्त असतात, पाण्यावर तरंगतात, आणि उन्हात वर्षभरात कुसळासारखे तुटायला लागतात. ३० ते ३४ फुटी बोटीला १४ मिलिमीटर जाडी योग्य.

दोर किमान चार: पुढच्या टोकाचा, मागच्या टोकाचा आणि दोन तिरपे. तिरप्यांपैकी एक पुढून मागे धक्क्याकडे जातो, दुसरा मागून पुढे. बोट पुढे-मागे सरकणं हे तिरपे दोरच थांबवतात. नवखे लोक पुढचा-मागचा दोर करकचून आवळतात आणि तिरपे बांधतच नाहीत. मग प्रत्येक लाटेला खुंटीला हिसका बसतो आणि स्क्रू सैल होतात. धक्का तरंगता असेल तर तो बोटीबरोबरच वरखाली होतो, दोर बेताचे ताणलेले चालतात. धक्का स्थिर असेल तर ओहोटीला बोट दोरांवर लटकणार नाही इतकी ढील ठेवा. तिरपे दोर जितके लांब, तितकी चढ-उतार ते सहज सोसतात.

खुंटीवर दोर असा बांधतात. खुंटीला दोन शिंगं असतात. बोटीकडून येणारा दोर आधी लांबच्या शिंगाखालून घ्या आणि बुडाभोवती एक पूर्ण वेढा द्या. मग वरून तिरपा नेऊन दुसऱ्या शिंगाखाली, पुन्हा तिरपा पहिल्याकडे, म्हणजे मराठी चारचा आकडा पडतो. शेवटी हातातल्या दोराचा उलटा पीळ करून शिंगावर चढवा आणि ओढा. इतकंच. वर आणखी पाच वेढे दिले तर वादळात सोडवताना बोटं रक्ताळतात. ताण पहिल्या पूर्ण वेढ्यावर असतो, शेवटच्या पिळावर नाही. म्हणून तो पहिला वेढा विसरला की गाठ आवळून बसते.

जिथे दोर बोटीच्या कडेवरून वळतो तिथे जुन्या जीन्सच्या पायाचे दोन पदर किंवा अग्निशामक पाइपचा हातभर तुकडा गुंडाळून बांधा. रोज सकाळी त्याच जागी दोरावरून हाताचं बोट फिरवा. दोरावर केसाळ लव आली असेल तर टोकं बदलून बांधा. एक पीळ तुटला असेल तर दोर बाद.

तळातलं पाणी

केबिनच्या फळीखाली बोटीचा सर्वांत खोल भाग असतो, तिथे पाणी साठतं. सकाळी उठल्यावर फळी उचलून बॅटरीच्या उजेडात बघायचं. पेन्सिलीने रेघ मारून ठेवली तर काल किती होतं हे आठवावं लागत नाही. पंपाला तरंगता स्विच असतो, पण त्याखाली केसाचं गुंतवळ किंवा शेंगदाण्याचं टरफल अडकलं की तो उठतच नाही. आठवड्यातून एकदा हाताने उचलून पंप वाजतो का पाहा.

पाणी आलं तर कुठलं, हे आधी ठरवा. काचेच्या तुकड्यावर एक थेंब उन्हात वाळवा. पांढरी पापडी राहिली तर बाहेरचं, खारं. शोध झडपा, बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्याची गळती आणि संडासाचे पाइप इथे घ्या. डाग जवळजवळ राहिलाच नाही तर टाकी, नळजोड किंवा पावसाचं. जुन्या पद्धतीच्या दांड्याच्या सांध्यातून इंजिन चालू असताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडणं ठीक. इंजिन बंद असताना धार लागली तर नट पाव फेरा आवळा, जास्त नाही. जास्त आवळला की आतली वाखाच्या धाग्याची भर जळते आणि दांड्यावर चर पडतो.

बोटीच्या बुडाला जिथे जिथे भोक आहे तिथे झडप असते: संडास, बेसिन, इंजिनचं थंड पाणी. या झडपांचा नकाशा काढून जिन्याजवळ चिकटवा. बहुतेक घरांत फ्यूज कुठला हे एकालाच माहीत असतं. बोटीवर ते चालत नाही. "अहो, कुठली झडप?" असं विचारण्याइतका वेळ नसतो. महिन्यातून एकदा प्रत्येक झडप पूर्ण बंद-चालू करा, नाहीतर ती जाम होते. प्रत्येकीला दोरीने एक निमुळती लाकडी खुंटी बांधून ठेवा. पाइप निसटला तर तीच भोकात ठोकायची.

धक्क्यावरची वीज

केबल जोडताना आधी बोटीकडचं टोक, मग धक्क्यावरचं. काढताना उलट. हा क्रम चुकला तर हातात जिवंत टोक राहतं आणि खाली पाणी असतं. बोटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, असलाच पाहिजे, महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. अर्धा तास भार चालवून प्लगला हात लावा. गरम लागला किंवा पिना काळ्या दिसल्या तर प्लग बदला, घासून वापरू नका. बोटीवरच्या आगींची सुरुवात अनेकदा या गंजलेल्या पिनांतूनच होते.

१६ अँपिअरच्या जोडणीवर इंडक्शन चालतं, पण इंडक्शन, गिझर आणि एसी एकदम नाही. आणि मरीनाच्या पाण्यात पोहायचं नाही, कितीही उकडलं तरी. शेजारच्या बोटीतून गळणारी वीज पाण्यात उतरते. माणूस आखडतो आणि बुडतो. पाणी जितकं गोडं तितका धोका अधिक.

धक्क्याच्या अर्थिंगमधून सगळ्या बोटी एकमेकींना जोडल्या जातात आणि पाण्याखालचे धातू बॅटरीसारखे झिजू लागतात. म्हणून बुडाला बळीचे धातूचे गोळे लावतात, ते झिजावेत आणि पंखा वाचावा म्हणून. खाऱ्या पाण्याला जस्त चालतं. कोचीसारख्या मचूळ पाण्यात ॲल्युमिनियम बरं, कारण जस्तावर थर बसून ते काम करेनासं होतं. निम्मा झिजला की बदला. त्यावर रंग मारणं ही नेहमीची चूक. रंग बसला की गोळा असून नसल्यासारखा. अर्थिंगच्या तारेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवला की शेजाऱ्यांमुळे होणारी झीज बरीच थांबते.

संडास

यावर लोक लाजून बोलत नाहीत, आणि मग पाइप तुंबल्यावर बोलतात. बोटीचा संडास हातपंपाचा असतो. आधी थोडं पाणी ओढून घ्या. वापरल्यावर कळ पाणी घेण्याच्या बाजूला ठेवून १५ वेळा पंप मारा, मग कळ कोरड्या बाजूला वळवून ६ वेळा. कळ शेवटी कोरड्या बाजूलाच राहिली पाहिजे. विसरलात आणि पाइपाला वरचं वळण नसलं, तर भांडं भरून बाहेर वाहतं आणि बोट आतून भरते.

आपल्याकडे कागद नाही, पाणी लागतं, आणि हिशेब इथेच चुकतो. साठवण टाकी ५० लिटरची असली आणि दर वेळी पंप व धुणं मिळून ४ लिटर गेलं, तर बारा वेळांत ती भरते. दोघांत तो एका दिवसाचा खेळ. म्हणून दिवसा मरीनाचं स्वच्छतागृह, आणि बोटीवरचा संडास फक्त रात्रीसाठी. टाकी मरीनाच्या पंपानेच उपसायची. धक्क्याशी उभं असताना झडप उघडून पाण्यात सोडणं हे शेजाऱ्याच्या अंगणात घाण टाकण्यासारखंच.

लघवी आणि खारं पाणी मिळून पाइपात चुन्यासारखा थर धरतो. पंधरा दिवसांनी पाव लिटर व्हिनेगर सोडून रात्रभर ठेवा. पंप जड लागायला लागला तर चमचाभर गोडं तेल. नारळाची शेंडी, केस, कापूस, डाळीचे दाणे यांपैकी काहीही आत जाऊ देऊ नका.

स्वयंपाक

गॅसबद्दल घरची सवय सोडावी लागते. एलपीजी हवेपेक्षा जड. घरात ती फरशीवर पसरते आणि दाराच्या फटीतून निघून जाते. बोटीला खाली दार नाही. ती थेट तळात साठते, जिथे पंपाचा स्विच ठिणगी टाकायला बसलेला असतो. ५ किलोचा सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात, ज्याच्या बुडाला पाण्याबाहेर निघणारं भोक आहे, तिथेच ठेवा. स्वयंपाक झाल्यावर आधी सिलिंडर बंद, ज्योत आपोआप विझली की मग शेगडीची कळ. तळात गॅस-सेन्सर लावा. खाऱ्या हवेत रेग्युलेटरची स्प्रिंग गंजते. महिन्यातून एकदा साबणाचा फेस लावून जोड तपासा.

तीन लिटरचा कुकर हेच मुख्य भांडं. झाकण अडकलेलं असतं, मोठ्या लाटेने बोट हलली तरी सांडत नाही, गॅसही वाचतो. मिसळीच्या तर्रीला बोटीवर मनाई नाही, पण ३२ फुटांच्या केबिनमध्ये मिरचीची फोडणी बसली की दोघंही खोकत बाहेर येतात, आणि तेलकट वाफ छताच्या कापडाला धरते ती जन्मभर. छतातलं झाकण आणि जिन्याचं दार उघडून, नाहीतर बाहेर, मागच्या बैठकीतच फोडणी करा.

नाशिकहून कांदा न्यायचा तर उन्हाळ न्या. लाल कांदा टिकत नाही, आठवड्या-दोन आठवड्यांत पाणी सोडतो. डिसेंबरात उन्हाळ मिळाला तर शेवटी शेवटी कोंब आलेला असतो, म्हणून पाचच किलो आणि हाताने निवडून घ्या. जाळीच्या पिशवीत, हवेला टांगा. पापड, कुरडया, पोहे नाशिकच्या कोरड्या हवेत असतानाच, सकाळी नऊनंतर, घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा. कोचीला पोचून उघड्या पिशवीतून डब्यात भरले तर दमटपणा डब्यातच कोंडला जातो. मिठात तांदळाचे दाणे आपण टाकतोच, इथे दुप्पट टाका.

औषधं तीन महिन्यांची, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात. इन्सुलिन २ ते ८ अंशांत हवं. बोटीच्या छोट्या फ्रीजमध्ये गारव्याच्या पत्र्याला टेकलं की गोठतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी उपयोगाचं नाही. रुमालात गुंडाळून दाराच्या बाजूला ठेवा, शेजारी थर्मामीटर.

पडू नये म्हणून

मरीनात माणूस पडतो तो वादळात नव्हे, धक्का आणि बोट यांच्या मधल्या दीड फुटात, हातात भाजीची पिशवी असताना. बोटीच्या कडेला पायरी लावा. सामान आधी आत ठेवा, मग मोकळ्या हातांनी लोखंडी तार धरून चढा. जिना उतरताना तोंड जिन्याकडे, घरच्यासारखं समोर बघत नाही. पाण्यात पडलेल्या माणसाला पाण्यातूनच ओढता येईल अशी शिडी मागे हवी. डेकवरून सोडावी लागणारी शिडी एकट्या पडलेल्याच्या कामाची नाही. रात्री डेकवर जाताना लाइफ जॅकेट घाला, आणि दुसऱ्याला उठवून सांगा. झोपमोड परवडते.

इंजिन आणि जलपर्णी

आठवड्यातून एकदा, दोर बांधलेलेच ठेवून, इंजिन अर्धा तास गिअरमध्ये चालवा. सुरू करताच मागच्या पाइपातून पाणी उडतंय का पाहा. मिनिटभरात उडालं नाही तर बंद. आधी पाणी घेण्याची झडप उघडी आहे का, मग गाळणी, मग पंपातलं रबरी चक्र. गोदावरीत दिसते तीच जलपर्णी कोचीच्या पाण्यातही वाहत येते आणि तिची मुळं गाळणीत अडकतात. गाळणी उघडण्याआधी झडप बंद करायची, आणि काम झाल्यावर उघडायला विसरू नये म्हणून इंजिनची किल्ली त्या झडपेच्या दांड्याला अडकवून ठेवायची.

बोट बंद करून घरी येताना

एप्रिलअखेरीस निघताना शिडं उतरवून, गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून घडी घाला. उन्हात वर राहिलेल्या शिडाची शिवण आधी जाते. डोलकाठीवर आपटणारे दोर बाजूला ताणून बांधा, नाहीतर तुमच्यामागे शेजारी रात्रभर टकटक ऐकतील. फ्रीज रिकामा, दार उघडं. गाद्या उभ्या करून ठेवा, नाहीतर खालच्या बाजूला बुरशी. पाण्याचा पाइप नळावरून काढा. दाबाखाली राहिलेला पाइप आत फुटला की मरीनाचं पाणीच बोट बुडवतं. सिलिंडर उतरवा. बुडाच्या सगळ्या झडपा बंद, फक्त मागच्या बैठकीच्या पावसाच्या नाल्या उघड्या, आणि त्यांत पान अडकलेलं नाही हे हात घालून बघा. दोर दुप्पट करा. धक्क्यावरची वीज चालू ठेवली तर चार्जर आणि तळाचा पंप यांच्याशिवाय बाकी सगळे स्विच खाली.

पावसाळ्यात बोट पाण्यात ठेवायची की वर काढायची हे मरीनाला मार्चमध्येच विचारा. वर काढलीत तर त्याच वेळी बूड घासून शेवाळ-शिंपले रोखणारा रंग आणि बळीचे गोळे उरकून घ्या. पाण्यातच ठेवलीत तर आठवड्याला एकदा फळी उचलून बघणारा माणूस पगार देऊन ठेवा, आणि त्याने दर वेळी पेन्सिलीच्या रेघेचा फोटो पाठवायचा, नुसतं "सब ठीक" नाही.